थाळनेरला जाताय? आधी दिंडी समजून घ्या

रामराम मंडळी. "पोरांना सुट्टी लागलीय, खान्देशात लढाई झालेली जागा कुठे दाखवू?" कमेंटमध्ये हाच प्रश्न सारखा येतोय. थाळनेरच्या किल्ल्यावर न्या. धुळे जिल्हा, शिरपूर तालुका, तापीचा उत्तर काठ.

तयारीचं भराभर सांगतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. धुळं सकाळी साडेसहाला सोडा. माणशी २ लिटर पाणी, टोपी, बंद बूट. कळण्याची भाकरी अन् ठेचा बांधून घ्या. अकराच्या आत किल्ला उरका. झालं.

आता खरी गोष्ट. लोक गाडीतून उतरतात, थेट वर चढतात, तापीकडे पाठ करून फोटो काढतात. मग पोरं म्हणतात, "पप्पा, इथं तर नुसती मातीच!" तट ढासळलाय, पोरांचं चूक नाही. म्हणून वर पळू नका. आधी खाली, दरवाजाच्या वाटेवर थांबा.

मंदसोरच्या तहात होळकरांचा खान्देशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. जनरल हिस्लॉपचं सैन्य सेंधव्याचा घाट उतरून २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इथं आलं. किल्लेदार तुळशीराम मामांनी किल्ला सोडला नाही. वाट वळणावळणाची, एकामागे एक पाच दरवाजे. शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडली गेली, अन् सगळा घात तिथंच झाला.

दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार. जुन्या वाड्यात असतं तेच. वाकून, एका वेळी एकानंच आत जायचं.

आता बाहेरच्याच्या जागी उभे राहा. मागं सगळी फौज आहे, पण दिंडीतून आत जाणारा एकटाच. वाकलाय, म्हणजे हत्यारही उचलता येत नाही. इंग्रजांचे मोजके अधिकारी आत शिरले, त्यातला मेजर गॉर्डन तिथंच पडला.

आतल्याच्या जागी उभे राहा. दिंडी अडवली तर दहा जण शंभरांना रोखतात. पण बाहेरच्यांनी ती रेटून उघडली की मागं हटायला जागाच नाही. सुमारे ३०० जणांची शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, कापली गेली, किल्लेदाराला फाशी दिलं. त्यावर इंग्लंडातही टीका झाली.

पोरांना हे सांगून कळत नाही, करून दाखवा. दोघांनी सतरंजी आडवी, कमरेच्या जरा वर ताणून धरा. तिच्याखालून दोन फूट रुंद वाट ठेवा अन् आजीपासून धाकट्यापर्यंत एकेकाला जाऊ द्या. तिसऱ्या पोराला मागचा ढकलतो, तेव्हा कळतं. मग वर चढा. आता ती माती बोलते.

वरून उतरल्यावर फारुकींचे, म्हणजे खान्देशच्या जुन्या सुलतानांचे, हजिरे चुकवू नका. हजिरा म्हणजे कबरीवर बांधलेली इमारत. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा १३९९ साली वारला, त्याची कबर इथलीच. अष्टकोनी हजिऱ्याचं दगडकाम सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतं. आत चपला काढा, भिंतींवर नावं कोरू नका, हात जोडून सांगतो. आणि हो, लता मंगेशकरांचं आजोळ हेच थाळनेर, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी.

तापीकाठी पोरांना एकटं सोडू नका. गाळ वरून सुकलेला दिसतो, खाली ओलाच असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला त्याच दिवशी धरू नका. दोन किल्ले उन्हात पोरांना झेपत नाहीत. तो दुसऱ्या दिवशी पहाटे ठेवा.