आधी उरल्याची यादी

मित्रमैत्रिणींनो, डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडे गॅदरिंगचे दिवस. स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव, एनएसएसचं शिबिर, एखादं चर्चासत्र, सगळं याच दिवसांत येतं. समोर बहुतेक सांस्कृतिक समित्यांची मुलं-मुली बसली आहेत, म्हणून थेट कामाचं बोलतो. माझं म्हणणं एकच आहे. पहिल्या बैठकीत खरेदीची यादी करायला बसाल, त्याआधी कार्यक्रम संपल्यावर काय काय उरणार त्याची यादी करा. फ्लेक्स, बाटल्या, पत्रावळ्या, बुके, मोमेंटो. प्रत्येकापुढे लिहा की दुसऱ्या दिवशी हे कोण नेणार आणि नेऊन त्याचं काय करणार. ज्या वस्तूपुढे काहीच लिहिता येत नाही, ती आणायची नाही.

हे कुठल्याही गावात लागू आहे, पण कोकणात जरा जास्त. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये आपली जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. नद्या आखूड, उतार मोठा, आणि वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळणारा. आपली बरीच महाविद्यालयं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत. खाली कातळ, वर बोटभर माती. तिथे कचरा पुरावा म्हटलं तरी पुरता येत नाही. फेब्रुवारीत मैदानामागे टाकलेला ग्लास मृगाच्या पहिल्या पावसाला पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात उतरतो, पऱ्ह्यातून नदीत, नदीतून खाडीत जातो. रापण ओढणाऱ्या माणसांना विचारा, जाळ्यात मासळीबरोबर काय काय येतं.

यादीत पहिला फ्लेक्स घेऊ, कारण त्याबद्दल आपण स्वतःची समजूत फार लवकर काढतो. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. केंद्राच्या नियमांप्रमाणे १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद झाले, जाड अजून चालतात. कुणी म्हणेल, सर, वाया कुठे जातो? शिपाईमामा घरी नेतात, पावसाळ्यात पडवीला लावतात. खरं आहे, लावतात. तिथे पूर्वी माडाची झापं असायची. झाप जुनं झालं की परसातच कुजतं. फ्लेक्स दोन-तीन उन्हाळ्यांनी ताठ होतो, त्याचे पोपडे सुटतात आणि शेवटी तो पाणचुलीत जातो. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात आणि तो धूर घरातली आजी आणि सून घेते. म्हणून मंचामागे कापडी पडदा करा, कॉलेजचं नाव रंगाने लिहून घ्या, आणि त्यावर वर्ष घालू नका. वर्षाची आणि कार्यक्रमाच्या नावाची पट्टी वेगळी टाचा. आपल्याकडे दशावताराचे पडदे वर्षानुवर्षं वापरतात, मग कॉलेजचा पडदा एकाच दिवसाचा का असावा?

सजावटीसाठी लांब जायला नको. सिंधुदुर्गात गणपतीवर माटवी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट बांधतात, ती पाहत तुम्ही मोठे झालात. नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, सुंभ, एवढ्यावर मंच उभा राहतो. फक्त त्यासाठी रानातली झाडं मुळासकट उपटून आणू नका.

जेवणाच्या बाबतीत बाजारात फसगत फार आहे. चंदेरी किंवा गुळगुळीत कागदी प्लेट आणि चहाचा कागदी कप यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली आणि २०२२ मध्ये असल्या थर दिलेल्या ताटल्या-पेल्यांचाही तिच्यात समावेश केला. ‘कम्पोस्टेबल’ लिहिलेले मक्याच्या प्लॅस्टिकचे ग्लासही विकायला येतात. ते कुजायला साठ अंशांच्या आसपास टिकून राहणारी उष्णता लागते. कॉलेजच्या मागच्या खड्ड्यात ते तसेच पडून राहतात. सगळ्यात उत्तम वाडीची भांडी. आपल्या वाड्यावाड्यांत लग्नकार्याला, महाप्रसादाला वापरायची सामाईक ताटं, पेले, टोप असतात. ते भाड्याने आणा, धुण्याचं काम बचत गटाला द्या आणि त्याची मजुरी बजेटमध्ये आधीच धरा. एप्रिल-मे महिन्यांत कार्यक्रम असेल आणि विहिरीने तळ गाठला असेल, तर मात्र ताटं धुण्यापेक्षा केळीचं पान किंवा सुपारीच्या विरीची, म्हणजे गळलेल्या झावळीच्या रुंद बुडख्याची ताटली बरी. बाटल्यांऐवजी पिंप आणि पेले ठेवा, आणि जेवणाऱ्यांचा आकडा दोन दिवस आधी पक्का करा.

आता ज्याचा कचरा दिसत नाही ते. उद्‌घाटनाला मुंबईहून पाहुणे गाडीने येतात. मुंबई ते सावंतवाडी साधारण पाचशे किलोमीटर. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर जाऊन-येऊन सहासष्ट-सदुसष्ट लिटर डिझेल लागतं. एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका माणसासाठी एकशे ऐंशी किलोच्या आसपास. पत्रावळी बदलून एवढं वाचत नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. पाहुण्यांना रेल्वेचं आरक्षण वेळेवर करून द्या आणि स्टेशनवर आणायला जा. त्याहून चांगलं म्हणजे वक्ता जिल्ह्यातलाच शोधा. आपल्याकडे माणसं आहेत.

किनाऱ्यावर शिबिर घेणार असाल तर एवढं पाळा. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत असतात. वेळासच्या कासवांमुळे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राऐवजी तुमच्या हॅलोजनकडे आली, तर सकाळी उन्हात सुकून मरतात किंवा कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात. तिथे रात्रीचा कार्यक्रम ठेवायचाच नाही.

भेटवस्तूंवर थोडं थांबतो, कारण इथे हेतू चांगला असतो आणि तरीही चुकतं. ॲक्रिलिकचा मोमेंटो कुणाच्या उपयोगाचा? त्यावर दुसऱ्याचं नाव कोरलेलं, म्हणून तो पुढे देताही येत नाही. त्याच्या जागी सगळ्यांना छापील कापडी पिशवी द्यायची टूम निघाली आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशेब मांडला होता. कापसाच्या पिशवीने पातळ प्लॅस्टिक पिशवीची हवामानापुरती बरोबरी करायची, तर ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. प्लॅस्टिक पिशवी पऱ्ह्यात जाते, हे त्या हिशेबात नाही, म्हणून पिशवी वाईट असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या घरी दहा पिशव्या घडी घालून ठेवल्या आहेत, त्याला अकरावी देऊन काय साधलं?

द्यायचंच तर संपणारं किंवा रोज हाताळलं जाणारं द्या. काचेच्या बाटलीत कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, वेंगुर्ल्याचे काजूगर, बुरुडाने विणलेली तांदूळ धुवायची रोवळी. रोवळी सांगायची तर आधी सांगा, आयत्या वेळी मिळत नाही. प्रमुख पाहुण्यांपुरतं सावंतवाडीच्या चिताऱ्यांकडचं एखादं लाकडी फळ चालेल. सेलोफेनमधल्या बुकेऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा मिळतो. वेंगुर्ल्याजवळच्या आसोली भागातल्या बायाबापड्यांचे चार पैसे त्यावर असतात.

आणि रोपं. फेब्रुवारीत रोप देणं म्हणजे पुढचे चार महिने कुणाला तरी पाणी घालायला लावणं. बहुतेक रोपं जगत नाहीत आणि काळी पिशवी तेवढी उरते. कोकमाचं तर आणखी एक आहे. बियांपासून उगवलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. परागीकरणाला थोडी नर झाडं लागतात हे खरं, पण परसात एकच रोप लावणाऱ्याला सहा-सात वर्षं वाट पाहून ते नर निघालेलं कळतं. म्हणून कलम द्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, तिची कलमं रोपवाटिकांत मिळतात. कार्यक्रमात पाहुण्यांच्या हातात नुसती चिठ्ठी द्या, आणि कलम जुलैत, जमीन भिजल्यावर, एनएसएसच्या मुलांकरवी घरपोच करा. चिठ्ठी देण्याआधी विचारून घ्या की लावायला जागा आहे ना. पाहुणे फ्लॅटमध्ये राहणारे असतील, तर त्यांना आगळाची बाटलीच द्या.