पंक्चरची डबी

(फोंड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, नमस्कार. मघाशी माझी ओळख करून देताना ‘सायकलतज्ज्ञ’ असा शब्द वापरला गेला. तो कृपया मागे घ्या. मी बँकेतला निवृत्त कारकून. रायबंदरला राहतो आणि गेली आठ वर्षं सायकलने पणजीला ये-जा करतो. आधी नोकरीसाठी करायचो, आता पेपर, मासे आणि गप्पा यांसाठी करतो. रायबंदरहून पणजीला जाणारा बांधावरचा रस्ता तुम्ही पाहिला असेल. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी घातलेला हा बांध, तीनेक किलोमीटर, अगदी सपाट. तिथे सायकलवाल्याला चढणीचा त्रास नाही. वाऱ्याचा आहे, आणि पंक्चरचा आहे.

ही डबी बघा. बायकोची जुनी हिंगाची डबी, अजून वास येतो. पंक्चर काढताना टायरमधून जे निघालं ते मी हिच्यात टाकत आलो. आठ वर्षांत माझी १७ पंक्चरं झाली आणि डबीत १२ वस्तू आहेत. बाकीच्या पाचांचं काय झालं ते पुढे सांगतो, कारण खरी गंमत त्या पाचांत आहे.

विषय दिलाय ‘शहरातल्या सायकलसाठी पंक्चर न होणारा टायर कसा निवडावा’. पंक्चर न होणारा टायर नसतो. कमी होणारा असतो. आणि कुठला घ्यायचा हे कळायला आधी आपलं पंक्चर कसलं हे कळावं लागतं. आपण काय करतो? दुकानात सायकल टाकतो, पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो, बुडबुडे दिसले की घासून, सोल्युशन लावून ठिगळ डकवतो, आपण पैसे देऊन निघतो. कशाने झालं, कोणी विचारत नाही.

घरी पंक्चर काढत असाल तर एक सवय लावून घ्या. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवा. पुढे ट्यूबला भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघून टायरवर नेमकी तीच जागा तपासता येते. नाहीतर होतं असं, की ट्यूबला ठिगळ लागतं, तार टायरमध्येच राहते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं एकदा तीन दिवसांत तीनदा झालं. मी पंक्चरवाल्याला शिव्या दिल्या. चूक माझी होती.

आता डबी उघडू. १२ वस्तूंत सहा तारा आहेत. केसासारख्या बारीक, बोटभरही नाहीत. पहिली निघाली तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी ब्रशची असेल. उलगडा केला आमच्या पोदेराने. रोज पहाटे पों-पों करत येतो ना, तोच. कॅरिअरवर पावांची एवढी मोठी टोपली, म्हणजे मागच्या चाकावर केवढं वजन. त्याच्याइतकी टायरची परीक्षा कोणी घेत नसेल. तार त्याला दाखवली तर हसला. म्हणाला, ही ट्रकाच्या टायरातली. आणि वर सल्ला दिला, ‘बाब, देगेक वचूं नाकात.’ म्हणजे कडेने जाऊ नका.

त्याचं खरं होतं. ट्रकच्या टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की चिंध्या रस्त्यावर पडतात, त्यांतल्या तारा सुट्या होऊन कडेला जमतात. तुमच्याकडे उसगाव-धारबांदोड्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांना हे मी सांगायला नको. वाहनांच्या वाऱ्याने आणि पावसाच्या पाण्याने सगळा कचरा रस्त्याच्या कडेला लोटला जातो, आणि आपण सायकलवाले भिऊन नेमके त्या कडेनेच जातो. मी तेव्हापासून हातभर आत चालवतो. पहिले काही दिवस मागचे हॉर्न ऐकावे लागले, पण तारा कमी झाल्या.

चार काचा आहेत. गोव्यात काच कुठून येते हे विचारू नका. (हशा.) एक काटा. आणि ही एक मासे पकडायची गरी, बांधावर संध्याकाळी गरी टाकून बसतात ना, त्यांच्यापैकी कोणाची तरी. हिच्यापुढे कुठलाही टायर काही करू शकत नाही, म्हणून हिचा मला राग नाही.

काचेबद्दल एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात हा भास नव्हे. ओलं रबर सुरीने कापून बघा, सुरी सर्रकन आत जाते, कोरड्यात अडखळते. काचेचंही तसंच. शिवाय ओल्या टायरला काचेची कपची चिकटून राहते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत रुतते. पहिल्याच फटक्यात ट्यूबपर्यंत पोचणारी काच कमी. बहुतेक काचा दिवसेंदिवस प्रवास करतात. म्हणून रविवारी सायकल उलटी करून, चष्मा लावून, जुन्या सुईने टायरमध्ये रुतलेलं टोचून काढायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

बरं, मग टायर काय करतो? पंक्चर अडवायचे दोन मार्ग आहेत आणि त्या दोन मार्गांतला फरक जाहिरातीत सांगत नाहीत. पहिला मार्ग चिवट कापडाचा. टायरच्या नक्षीखाली न कापल्या जाणाऱ्या धाग्यांचा पट्टा घालतात. केव्हलार हे नाव ऐकलं असेल. स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाईंनी १९६५ साली ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेला धागा, बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तो. कॉन्टिनेंटल कंपनीच्या काही टायरांत व्हेक्ट्रान नावाचा त्याच जातीचा धागा असतो. हा पट्टा हलका असतो आणि काचेला उत्तम अडवतो, कारण काच धारेने कापते आणि धागा कापला जात नाही. पण माझ्या या तारा? त्या काही कापत नाहीत. त्या दोन धाग्यांमधून वाट काढतात, गोणपाटातून दाभण जावा तशा.

दुसरा मार्ग जाडीचा. श्वालबे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये नक्षीखाली ५ मिलिमीटर जाडीचा मऊ रबराचा थर असतो. तो तारेला अडवत नाही. तार खुशाल आत शिरते, फक्त ट्यूबपर्यंत पुरत नाही. साधी गोष्ट आहे, पण माझ्या डबीतल्या सहाच्या सहा तारा मी मोजून बघितल्या आणि दुसऱ्या मार्गाने गेलो. तुमच्या डबीत काचाच निघत असतील तर पहिला मार्ग पुरेल आणि सायकलही हलकी राहील.

कारण जाडीची किंमत मोजावी लागते. ३५ मिलिमीटर रुंदीचा हा टायर एकेक ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो. शिवाय टायर जमिनीवर टेकतो तिथे दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो. जाड रबर दाबायला आपल्या पायांतली ताकद जाते आणि ती सगळी परत मिळत नाही, उष्णता होऊन उडून जाते. माझ्या बांधावर हे जाणवतसुद्धा नाही. तुमच्या फर्मागुडीच्या चढावर जाणवेल. म्हणून मी सरसकट शिफारस करत नाही. मी स्वतः जाड टायर फक्त मागे घातलाय. वजन मागे जास्त पडतं, आणि पुढचं चाक आडवी पडलेली तार किंवा खिळा उभा करून मागच्याला देतं. माझी बहुतेक पंक्चरं मागचीच आहेत. पुढे कापडी पट्ट्याचा मध्यम टायर आहे.

दुसरी किंमत म्हणजे हा टायर चढवणं. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचा टायर बसवला. (त्याच्या आधी, १८४५ मध्येच, थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, ते सगळे विसरले होते.) हे सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत. असाच एक पंक्चर झालेला टायर फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि सोल्युशन वाळायला रात्र गेली. त्यातून १८९१ मध्ये त्यांनी सुटा होणारा टायर काढला. त्यांचं हे सगळं श्रेय मी पहिल्यांदा जाड टायर चढवायला बसलो त्या दुपारी पाण्यात गेलं. दोन प्लॅस्टिकच्या लिव्हर मोडल्या, अंगठ्याची साल निघाली. शेवटी युक्ती कळली. चढवलेली बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत यायचं, म्हणजे समोर थोडी ढील मिळते, आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. कडेला साबणाचं पाणी लावायचं. आता वीस मिनिटांत होतं.

विकत घेताना एकच आकडा बघा. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असं काही छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ‘अठ्ठावीस इंची द्या’ म्हणू नका. आपल्या काळ्या दणकट सायकलींचं २८ इंची चाक ६३५ चं असतं आणि नव्या शहरी सायकलींचं २८ इंची ६२२ चं. १३ मिलिमीटरचा फरक, म्हणजे टायर एक तर चढणारच नाही किंवा चढून ढिला राहील. मी असा एक चुकीचा टायर मागवून दीड महिना माळ्यावर ठेवला आणि मग पोदेराला दिला. त्याला तो चपखल बसला.

रुंदी मडगार्डखाली बसेल तेवढी जास्त घ्या, ३७ ते ४० बरी. नक्षीवर भाळू नका. डांबरी रस्त्यावर सायकलचा टायर एवढा अरुंद आणि वेग एवढा कमी, की तो पाण्यावर तरंगत नाही. खोल नक्षीच्या फटींत खडे तेवढे अडकतात. आणखी एक, संरक्षणाचा थर सहसा नक्षीखालीच असतो, बाजूला नसतो. चिऱ्याच्या तुकड्यांवरून, खाणीच्या वाटांवरून जाणार असाल तर बाजूही मजबूत आहे का, ते विचारा.

आता त्या पाच पंक्चरांकडे येतो, ज्यांची वस्तू डबीत नाही. त्यांतल्या तिघांना ट्यूबवर दोन समांतर चिरा होत्या, साप डसल्यासारख्या. खड्ड्यात चाक आदळलं, हवा कमी होती, रिमच्या दोन कडांनी ट्यूब चेचली. चौथ्याचं भोक आतल्या बाजूला होतं. रिमची पट्टी सरकली होती आणि स्पोकचं टोक लागलं होतं. पाचव्यात व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली होती, तीही कमी हवेनेच. टायर रिमवर सरकला की ट्यूबला ओढत नेतो. म्हणजे १७ पैकी ५ पंक्चरं जगातल्या कुठल्याही टायरने थांबवली नसती. चार तर पंपाने थांबली असती.

जाड टायर घातल्याला तीन वर्षं झाली. त्यात दोनच पंक्चरं झाली, एक या गरीचं आणि एक त्या चिरांपैकी. जाड टायर हवा गेली तरी अंगठ्याला घट्टच लागतो, म्हणून मी फसलो. तेव्हा हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या आणि आठवड्याला एकदा लावा. माझ्या वजनाला मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय पुरतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तितकी भरलीच पाहिजे असं नाही.

भरीव रबराचे, बिनहवेचे टायर मिळतात, मी मित्राची सायकल चालवून पाहिली. खड्ड्यांत कंबर बोलते. भोक आपोआप बुजावं म्हणून ट्यूबमध्ये भरायचं चीक-द्रव्य आपल्या उन्हात काही महिन्यांत सुकतं. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी स्वस्त पडते, पण टोकं गोल कापून घासली नाहीत तर तीच ट्यूब कापते.

(यानंतर प्रश्न झाले. त्यांतला शेवटचा इथे दिला आहे.)

एका काकींनी विचारलं, नातवाच्या सायकलीत रात्री हवा भरली की सकाळी चाक बसलेलं असतं, पंक्चरवाला तीनदा ट्यूब बुडवून बघतो आणि भोकच नाही म्हणतो, तर आता हा महागाचा टायर घेऊ का?

काकी, सायकल जुन्या घडणीची आहे ना, काळी? मग तिच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. ती कुजली की हवा हळूहळू तिथूनच जाते, आणि घमेल्यात ट्यूब बुडवताना व्हॉल्व्ह बहुधा पाण्याबाहेर राहतो. आज घरी गेल्यावर हवा भरा, व्हॉल्व्हच्या तोंडाला बोटाने थोडी थुंकी लावा आणि थांबा. बुडबुडा फुगला तर ती नळी तेवढी बदला. टायर तोच राहू दे.