घारापुरीचा हत्ती, उक्षीचा हत्ती

श्रोतेहो, नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच आमच्याकडे हापूसला मोहोर धरतो आणि तुडतुड्यांच्या भीतीने घरातील कर्त्या माणसांचा पाय बागेतून निघत नाही. निवृत्त शिक्षिकेची फवारणीला कोणास गरज नसते. म्हणून गेली काही वर्षे मी याच दिवसांत रात्रीच्या गाडीने रत्नागिरीहून मुंबईला जाते, परळला लेकीकडे आठ-दहा दिवस राहते आणि नातवाला सोबत घेऊन तेथील संग्रहालये, बागा व प्रदर्शने पाहते. मुंबईची हवाही याच काळात काय ती फिरण्याजोगी असते. त्या भटकंतीत जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे मांडावे, असे योजले आहे.

कोकणातून मुंबईला माणसे किती जातात, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ती जातात लग्नाला, दवाखान्याला किंवा खरेदीला. मीही वर्षानुवर्षे तशीच गेले. पहिल्यांदा हौसेने निघाले तेव्हा एका दिवसात तीन संग्रहालये पदरात पाडून घेण्याचा हट्ट धरला आणि संध्याकाळी सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसले असता, दिवसभरात नेमके काय पाहिले ते एकही धड आठवेना. तेव्हापासून मी एका दिवशी एकच जागा घेते, तेथेही चार-पाच वस्तूंपाशीच थांबते आणि त्या वस्तू शक्य तो आपल्या ओळखीच्या निवडते. आपले कोकण त्या दालनांमध्ये आपल्याआधीच जाऊन पोचलेले आहे, हे मला अशा थांबण्यातून कळले.

याची सुरुवात भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाली. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव असले तरी आपल्या पिढीच्या तोंडी ती राणीची बागच आहे. तिच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि संग्रहालयाच्या इमारतीबाहेर उघड्यावर एक दगडी हत्ती उभा आहे. मुले वाघाकडे आणि पेंग्विनकडे धावत असतात, त्यामुळे या हत्तीपाशी सहसा गर्दी नसते. हा हत्ती घारापुरीचा. घारापुरी बेट आपल्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते आणि पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच हत्तीवरून. धक्क्याजवळ तो शतकानुशतके उभा होता. १८१४ च्या सुमारास त्याची मान व डोके निखळून पडले, तरी धड जागेवर राहिले. पुढे १८६४ साली त्याला उचलून इंग्लंडला नेण्याचे ठरले, परंतु उचलताना यारी, म्हणजे क्रेन, तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे विलायतेऐवजी मुंबईत आले, कित्येक वर्षे तसेच पडून राहिले आणि १९१४ मध्ये ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला.

मी हे सारे नातवाला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ हत्तीभोवती फिरून त्याचे सांधे शोधत होता. शेवटी त्याने विचारले, “आजी, तो तिथेच बरा होता ना? मग उचलला कशाला?” या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. मात्र आज घारापुरीला लेणी पाहण्यासाठी जाणाऱ्या हजारो लोकांना बेटाच्या परकी नावाचा धनी तेथे दिसत नाही, आणि तो जेथे आहे तेथे त्याची कोणी फारशी चौकशी करीत नाही, हे मात्र खरे.

संग्रहालयाची इमारत १८७२ साली लोकांसाठी उघडली. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय. त्याचे मूळ नाव राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती अल्बर्ट यांच्यावरून ठेवलेले होते; १९७५ साली ते बदलून, या संग्रहालयाच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. भाऊ दाजी हे तेरेखोल नदीच्या पलीकडील, गोव्यातल्या पेडणे भागातील मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक होते, कुष्ठरोगावर देशी औषध शोधण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि रोग्यांच्या धबडग्यातून वेळ काढून प्राचीन शिलालेख वाचले. नाडी तपासणाऱ्या हातांनीच त्यांनी अजिंठ्यातील लेखांची अक्षरेही लावली, ही गोष्ट मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठी वाटते.

आत गेल्यावर डोळे प्रथम छताकडे आणि सोनेरी नक्षीच्या लोखंडी खांबांकडे जातात. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ साली हे संग्रहालय पुन्हा खुले झाले, त्या वेळच्या कारागिरांचे हे श्रेय आहे. परंतु माझी आपल्याला विनंती आहे की छत डोळे भरून पाहून झाल्यावर खाली, काचेच्या कपाटांतील मातीच्या लहान लहान बाहुल्यांपाशी यावे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत कोणकोणत्या जातीजमातींचे आणि व्यवसायांचे लोक होते, ते कोणती पगडी घालत आणि लुगडे कसे नेसत, हे त्या बाहुल्या दाखवतात. होड्या-जहाजांच्या प्रतिकृतीही तेथे आहेत. ज्यांच्या आजोबांनी आगबोटीतून भाऊच्या धक्क्याला उतरून गिरणीत नोकरी धरली, त्यांना या दोन कपाटांमधील अंतर फार थोडे आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

बागेतील झाडे पाहण्यास मात्र घाई करू नये. आफ्रिकेहून आलेली, बुंध्याने अवाढव्य असलेली गोरखचिंच तेथे आहे. त्याहून मला जवळची वाटली ती उर्वशी. लांब देठांवरून खाली झुलणारी, लाल रंगाची आणि पिवळा ठिपका ल्यालेली तिची फुले हिवाळ्याच्या अखेरीस येतात. हे झाड मूळचे ब्रह्मदेशातले. रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेश म्हटला की थिबा राजा आठवणारच. राज्य गमावलेल्या त्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली आपल्या गावी आणून ठेवले, १९१० मध्ये त्याच्यासाठी खाडीकडे पाहणारा राजवाडा बांधून पूर्ण झाला आणि १९१६ साली त्याने येथेच देह ठेवला. त्याच्या देशाचे झाड भायखळ्यात फुलते आणि त्याचा राजवाडा आपल्याकडे संग्रहालय होऊन उभा आहे. त्या राजवाड्यात आपण शेवटचे कधी गेलो होतो, हे प्रत्येक रत्नागिरीकराने मनाशी आठवून पाहावे. मला स्वतःला आठवायला बराच वेळ लागला.

याच बागेत मुंबई महानगरपालिकेचे उद्यान खाते आणि वृक्ष प्राधिकरण दरवर्षी थंडी ओसरण्याच्या सुमारास फुलांचे व झाडांचे प्रदर्शन भरवतात. फुलांनी मढवलेल्या प्रचंड आकृत्या असतात, त्यांच्यासमोर छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची रांग असते आणि रविवारी तर पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणून आडवारी सकाळी जावे. पहिल्या वर्षी मी तेथे थोड्या तोऱ्यातच गेले. ज्यांच्या परसात बारा महिने काही ना काही फुललेले असते, त्यांनी कुंडीतली फुले काय पाहायची, असा तो तोरा. पुढे एका कुंडीत भरलेले वांग्याचे झाड पाहिले, दुसरीत मुळा, तिसरीत अळू. वीतभर मातीत, चौथ्या मजल्याच्या खिडकीत, दिवसाला दोन तास उन्हावर हे वाढवले आहे, असे त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या बाईंनी सांगितले तेव्हा तो तोरा उतरला. आपल्याला पाऊस आणि जमीन आयती मिळालेली आहे. त्यांनी प्रत्येक पान मेहनतीने मिळवले आहे.

तेथील विक्रीच्या गाळ्यांवर मात्र हसू आवरले नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून केलेल्या विटा, ज्यांना ‘कोकोपीट’ म्हणतात, त्या लोक पिशव्या भरभरून नेत होते. पाण्यात टाकली की वीट फुगते, माती हलकी ठेवते आणि ओल धरते, म्हणून छपरावरच्या कुंड्यांना ती फार मानवते. आमच्याकडे सोडणे, म्हणजे नारळाची काथ्याची सालटे, आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी चुलीत जातात. घरी परतल्यावर मी हे यजमानांना सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “मग उद्यापासून आंघोळ थंड पाण्याने का?” थट्टा बाजूला ठेवली तरी भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र आपल्या इतके जवळ असताना, सोडणांचे आणखी काय करता येते ते जाऊन विचारावे, हे मला मुंबईच्या प्रदर्शनात सुचले, याची थोडी लाज वाटते.

फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाविषयी पुष्कळ सांगता येईल, पण मी थोडक्यात सांगते. जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराने आखलेली ही इमारत कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात बांधलेली आहे. ती १९१४ साली पूर्ण झाली, महायुद्धात तिचा लष्करी इस्पितळ म्हणून उपयोग झाला आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये उघडली. तेथील चित्रे, शस्त्रे, पेंढा भरलेले प्राणी हे सारे एका दिवसात पाहू नये. मी तेथे एका दगडाच्या तुकड्यासाठी जाते. उत्तर कोकणातील सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक हे मोठे बंदर होते. तेथे १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो शोधून वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी हे पूर्वी भाऊ दाजींसाठीच देशभर फिरून लेखांचे ठसे घेत असत. दोन हजार वर्षांहून जुनी ती ब्राह्मी अक्षरे नातवाला मी बोटाने हवेत गिरवून दाखवली. काचेला किंवा दगडाला हात लावू नये, ही शिस्त मुलांना तेथेच लागते.

एक तक्रारही नोंदवते. एका संग्रहालयात, त्याचे नाव घेत नाही, आपल्या शिरवाळ्या, म्हणजे तांदळाच्या शेवया, पाडण्याचा लाकडी साचा ठेवलेला होता आणि त्याच्याखालच्या इंग्रजी चिठ्ठीत तो तेल गाळण्याचे यंत्र असल्याचे लिहिले होते. माझ्यासोबत आलेली मावशी त्या चिठ्ठीकडे पाहून इतकी हसली की पहारेकरी जवळ आला. तिने त्याला नारळाच्या गोड रसातल्या शिरवाळ्यांची सगळी कृती, तांदूळ भिजत घालण्यापासून, उभ्या उभ्या समजावून सांगितली. पहारेकऱ्याने ती मन लावून ऐकली आणि कार्यालयात लेखी कळवा असेही सुचवले. आम्ही कळवले. पुढच्या वर्षी चिठ्ठी तीच होती. तरीही अशी चूक आढळली तर आपण लिहून द्यावे, असेच मी म्हणेन, कारण ती वस्तू ज्यांनी हाताळली आहे ती माणसे आता थोडी उरली आहेत.

मुंबईहून एक दिवस समुद्रापलीकडे घालवता येत असेल, तर गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरावे आणि तेथून सासवण्याला जावे. पावसाळ्यात ही लाँच बंद असते, हे लक्षात ठेवावे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे सासवणे हे गाव. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र तेव्हाचे जिल्हाधिकारी ओटो रॉथफिल्ड यांनी पाहिले आणि त्यांच्यामुळे हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोचला. पुण्यात १९२८ साली उभारलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. त्यांचे घर हेच आता त्यांचे शिल्पालय आहे आणि त्याच्या बागेत, झाडांच्या सावलीत शिल्पे ठेवलेली आहेत. त्यात एक म्हैस आहे. ती पाहून आमच्या नातवाने तिच्या पाठीवर हात ठेवण्यापूर्वी माझ्याकडे परवानगीसाठी पाहिले, कारण ती उठेल अशी त्याला शंका होती. संग्रहालय आणि बाग एकत्र पाहण्याची याहून निवांत जागा मला मुंबईच्या आसपास आढळलेली नाही.

जाण्यापूर्वी एवढे करावे की त्या त्या ठिकाणी दूरध्वनी करून ते उघडे आहे ना, याची खात्री करून घ्यावी. राणीची बाग आणि तिच्यातील संग्रहालय बुधवारी बंद असतात, काही सरकारी दालने सोमवारी बंद असतात आणि जुन्या इमारती दुरुस्तीसाठी मध्येच महिनोन् महिने बंद राहतात. रत्नागिरीहून रात्रभर प्रवास करून बंद दाराशी उभे राहण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. आपण घेऊ नये.

परतीला मी दिवसाची गाडी धरते. संगमेश्वर सुटले की उक्षी येते आणि नंतर भोके व रत्नागिरी. उक्षीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला एक हत्ती आहे. कोकणातील कातळशिल्पांच्या ज्या निवडक जागांची नावे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत हीही आहे. गावाने पुढाकार घेऊन त्या हत्तीभोवती संरक्षक कठडा बांधला आणि वरून पाहण्याची सोय केली. तो रुळांवरून दिसत नाही. त्यासाठी गावात उतरून सडा चढावा लागतो, आणि उन्हाळ्यात तो सकाळी आठच्या आत चढावा.

गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला तेव्हा त्याला तेथे नेले. कठड्याला धरून तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, वाकून पुन्हा मूळ जागी आला. मला वाटले, तो पाय मोजतो आहे. शेवटी तो म्हणाला, “आजी, ह्याला कुठेच सांधा नाही.”

नमस्कार.