पावतीच्या खालच्या ओळी

श्रोतेहो, नमस्कार.

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या फी काउंटरवर एक दृश्य दरवर्षी दिसतं. मुलगा किंवा मुलगी पुढे उभी, मागे वडील, नाहीतर मामा. पैसे भरले जातात, पावती हातात पडते, वडील तिच्या चार घड्या घालून ती शर्टाच्या खिशात ठेवतात आणि सगळे एस.टी.च्या वेळेकडे बघायला लागतात. ती पावती पुन्हा उघडली जाते ती तीन वर्षांनी, अनामत परत मागायला. मी पुणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात 22 वर्षं शिकवते आहे. त्यातली 9 वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम केलं. आज मला तुमच्याशी त्या चार घड्यांच्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

पावती जवळ असेल तर काढा. वरची शिक्षण शुल्काची ओळ सगळेच वाचतात. तिच्या खाली बघा. ग्रंथालय, जिमखाना, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी विकास निधी, अपघात विमा, अश्वमेध म्हणजे विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव, आपत्ती व्यवस्थापन. कॉलेजप्रमाणे नावं थोडी बदलतील. रकमा लहान असतात, त्यामुळे नजर पुढे सरकते. पण यातल्या प्रत्येक ओळीमागे कुठलं तरी टेबल आहे, त्या टेबलावर एक रजिस्टर आहे आणि त्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव लिहायला जागा आहे. पैसे तुम्ही भरलेत. आता तिथपर्यंत जायचं आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? मी स्वतः शिकत असताना, दुसऱ्या वर्षाला, मला कावीळ झाली. वसतिगृहाच्या खोलीत आठ दिवस पडून होते. मैत्रिणीने तिच्या मेसच्या पैशांतून डॉक्टरांचं बिल भागवलं आणि ते फेडायला मला पुढचे पाच महिने लागले. आजारी विद्यार्थिनीला मदत मिळू शकते, त्यासाठी कुणाला तरी भेटावं लागतं, हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. पुढे नोकरीला लागल्यावर आईच्या पत्र्याच्या पेटीत त्या वर्षाची पावती सापडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'विद्यार्थी साहाय्य निधी'. ती ओळ मी किती तरी वेळ वाचत बसले होते.

आपल्याकडे शिकणाऱ्या मुलाला आधार देण्याची रीत जुनी आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीत मुलं वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. त्यात माया होती, तशी मान खाली घालायला लावणारी सक्तीही होती, आणि ते दार ठरावीक जातींच्याच मुलांसाठी उघडं होतं. ही स्थिती बदलली ती राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला घेतली तेव्हा. त्यानंतर साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. 1947 मध्ये भाऊराव अण्णांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, तिथली मुलं शेतात राबून, अंगमेहनतीची कामं करून शिकली.

आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये जी 'कमवा व शिका' योजना चालते, तिची मुळं या मातीत आहेत. दिवसाचे दोन-तीन तास ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात किंवा बागेत काम करायचं आणि तासाप्रमाणे मानधन घ्यायचं. रक्कम फार मोठी नसते. पण मेसचा महिना निघतो, खोलीभाड्याला हातभार लागतो. यंदा आमच्या ग्रंथालयात एक मुलगा आहे. सकाळी साडेसातला येतो, परत आलेली पुस्तकं विषयवार लावतो, फाटलेल्या पानांना टिश्यू लावतो. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "मॅडम, अर्थशास्त्राच्या कपाटातली पुस्तकं लावता लावता चाळतो, आता परीक्षेची भीती वाटत नाही." ऐकून मला फार बरं वाटलं. ज्यांना शिकता शिकता चार पैसे मिळवायचे आहेत त्यांनी वर्ष सुरू होताच अर्ज द्यावा, कारण जागा मोजक्या असतात आणि यादी लवकर लागते.

आता शिष्यवृत्त्यांकडे येते. इथे मुलांचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं आणि ते कागदांमुळे होतं. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, पावती क्रमांक आला, मुलगा निश्चिंत झाला. प्रत्यक्षात अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून असतो, किंवा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा म्हणून परत पाठवलेला असतो. संदेश जुन्या मोबाइल नंबरवर जातो. तो नंबर आता काकांकडे, आणि काका गावी. असं एक नव्हे, कित्येक मुलांच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं आहे. तेव्हा अर्ज भरल्यावर दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून बघा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, याची बँकेत जाऊन खात्री करून घ्या. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून आधीच पूर्ण फी मागू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. कुठे तशी मागणी झाली तर गप्प बसू नका, लेखी विचारा.

वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून शिक्षण सोडायच्या विचारात असलेल्या मुलांनी हे नीट ऐकावं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला जेवण, राहणं आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात रक्कम मिळते. पुणे-मुंबईसारख्या शहरांत ती वर्षाला 60 हजार रुपये ठरवलेली आहे, लहान ठिकाणी त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि मराठा समाजासह इतर अल्प उत्पन्न घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. त्यासाठी घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांतल्या मुलांना परीक्षा शुल्कात माफी मिळते. 2023 मध्ये राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही ही सवलत होती. तरीही आमच्याकडे काही मुलांनी घरून उसने पैसे आणून परीक्षा फी भरली. आपला तालुका यादीत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

अपघात विम्याचं थोडक्यात सांगते. आमचा एक विद्यार्थी दुचाकीवरून पडला, पाय मोडला. घरच्यांनी दवाखान्यातून आल्यावर सगळी बिलं टाकून दिली, विमा आहे हे त्यांना दोन महिन्यांनी कळलं. देव करो आणि अशी वेळ कुणावर न येवो, पण आली तर पोलिसांचा कागद, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिलं जपून ठेवा आणि पहिल्या आठवड्यातच कॉलेजला कळवा.

ज्या मुलांना दिसण्यात, लिहिण्यात किंवा हालचालीत अडचण आहे त्यांच्यासाठी परीक्षेत लेखनिक मिळतो, दर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. उच्च शिक्षणात प्रवेशाच्या 5 टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव ठेवाव्यात असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. मात्र लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी आणला तर धावपळ होते. प्रमाणपत्र घेऊन सत्राच्या सुरुवातीलाच या.

यापुढचं मला जरा सावकाश बोलायचं आहे. कॉलेजच्या इमारतीत एक खोली असते, तिच्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी असते. मुलं त्या खोलीसमोरून झपझप चालत जातात, कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून. आमच्याकडे ती खोली कार्यालयाला लागून होती, तेव्हा वर्षभरात बोटांवर मोजण्याइतकीच मुलं आली. आम्ही ती ग्रंथालयाच्या मागच्या जिन्याशी हलवली. तिथे कुणी पुस्तकाला चाललंय की समुपदेशकाला भेटायला, हे बाहेरून कळत नाही. मुलं यायला लागली. आत काय होतं? दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, आणि पाऊण तास तुमचं बोलणं ऐकणारं शिकलेलं माणूस. झोप लागत नाही, वर्गात इंग्रजी कळत नाही, घरी कर्ज आहे, एकटं वाटतं, प्रेम तुटलं, यातलं काहीही तिथे बोलता येतं. तिथलं बोलणं तुमच्या गुणपत्रिकेवर उमटत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा. तुमच्या कॉलेजात नसेल तर तसं विचारा. आणि रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला, नको ते विचार मनात आले, तर 14416 हा नंबर फिरवा. एक, चार, चार, एक, सहा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पालकहो, हा नंबर तुम्हीही फोनमध्ये टाकून ठेवा.

रॅगिंग झालं तर 1800-180-5522 ही विद्यापीठ अनुदान आयोगाची टोल फ्री सेवा आहे, तीही चोवीस तास. मुलींनो, लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे करता येते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा, आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. प्रवेश, फी, कागदपत्रं अडवून ठेवणं, निकालाला उशीर यांच्यासाठी 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं.

इतकी दारं आहेत. तरी मुलं बाहेर का राहतात? माझ्या अनुभवात कारण एकच आहे. मुलं काउंटरवर येतात, तोंडी विचारतात, 'उद्या या' ऐकतात आणि जातात. उद्या दुसरं कुणी बसलेलं असतं. तोंडी विचारलेल्याची कुठेच नोंद राहत नाही. कागद दिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, म्हणजे पोच घेतली, की त्या टेबलाला उत्तर द्यावं लागतं. इंदापूरकडची एक मुलगी चार वेळा रिकाम्या हाताने परत गेली होती. पाचव्या वेळी ती दोन प्रती घेऊन आली. तिच्या प्रतीवर निळा शिक्का उमटला, तेव्हा ती त्याच्यावर फुंकर घालत तिथेच उभी राहिली होती. शाई वाळेपर्यंत कागद घडी करायला तयार नव्हती. नवव्या दिवशी तिचा अर्ज पुढे गेला.

म्हणून आता वही-पेन जवळ असेल तर घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा.

प्रति, माननीय प्राचार्य. खाली कॉलेजचं नाव आणि गाव. मग विषय. विषय एका ओळीत, उदाहरणार्थ, 'शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेज स्तरावर प्रलंबित असल्याबाबत'. त्यानंतर महोदय किंवा महोदया. मी अमुक, द्वितीय वर्ष कला, हजेरी क्रमांक अमुक. मी अमुक तारखेला अर्ज भरला असून त्याचा क्रमांक अमुक आहे. तो आजपर्यंत पुढे गेलेला नाही. तरी तो तपासून पुढे पाठवावा आणि काही त्रुटी असल्यास मला लेखी कळवावे, ही विनंती. सोबत, जोडलेल्या कागदांची नावं. आपला विश्वासू किंवा आपली विश्वासू. सही. तारीख. सध्या चालू असलेला मोबाइल नंबर.

आता याची दुसरी प्रत काढा. दोन्ही घेऊन सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा आवक-जावक टेबलावर माणूस हमखास असतो.

नमस्कार.