पऱ्हाटीच्या ढिगातली धामण

जून महिना. पहिला पाऊस काल रात्री पडून गेला. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा धुरकट दिसतोय आणि शिवारातल्या काळ्या मातीच्या भेगा मिटायला लागल्यात. भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरतं, आणि आत राहणारं सगळं बाहेर पडतं. कोरडी जागा शोधत ते कुठे येणार? आपल्याच अंगणात.

या घरामागे पऱ्हाटीचा ढीग आहे. हंगाम संपल्यावर कपाशी उपटली आणि काड्या चुलीसाठी भिंतीला लागूनच रचल्या. आज सकाळी सूनबाई त्या ओढायला गेली आणि ढिगातून पिवळसर तपकिरी, माणसापेक्षा लांब जनावर सरसरत निघालं. शेजारचा पोरगा काठी घेऊन धावला. ओट्यावर बसलेल्या आजीनं त्याला जागच्या जागी थांबवलं.

"धामण शे ती. कोनले काही करत नही. जाऊ दे तिले."

आजीचं बरोबर होतं. धामण बिनविषारी. फणा नसतो, डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. पण घाबरलेल्या माणसाला या रेघा दिसत नाहीत, आणि दिसाव्यात म्हणून जवळ जायचंही नाही. साप ओळखता आला नाही तर तो विषारीच समजायचा. पोरं आणि कुत्रं घरात घ्यायचं, दहा-बारा फुटांवरून त्याच्यावर नजर ठेवायची आणि त्याची निघायची वाट मोकळी सोडायची. अंगणातला साप बहुतेक वेळा आपणहून निघून जातो. घरात शिरला असेल तर त्या खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. सर्पमित्र बोलवाल तो वनविभागाकडे नोंद असलेला बोलवा. साप गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला दारात उभं करू नका. साप पिशवीत घेऊन जवळच्याच माळावर, नाल्याकाठी सोडतो, तो खरा सर्पमित्र. लांबच्या अनोळखी रानात सोडलेल्या सापाला ना लपायची जागा ठाऊक असते, ना भक्ष्याची.

मण्यारीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ती रात्री फिरते आणि तिचा चावा फारसा दुखत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. चावा झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

आता ढिगाकडे परत येऊ. धामण तिथं का आली? काड्या उचलल्या तर खाली उंदरांची बिळं निघतात, आणि बिळांच्या तोंडाशी दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कण्या. दोन पावलांवर गोणी उघडी आहे. दाणे सांडले म्हणून उंदीर आले, उंदरांच्या मागे धामण आली.

याच घराच्या जुन्या माळ्यावर गव्हाणी घुबड राहतं. पांढऱ्या, पत्त्यातल्या बदामासारख्या तोंडाचं. त्याला अशुभ म्हणून दगड मारणारे अजून आहेत, याचं फार वाईट वाटतं. माळ्याखाली ही काळपट गोळी पडलीय, अंगठ्याएवढी. सुईनं उकलली की राखाडी केस सुटतात, मग उंदराचा इवलासा जबडा आणि त्यात पिवळेजर्द पुढचे दात. घुबडानं उंदीर अख्खा गिळला आणि न पचलेलं ओकून टाकलं. आपण उंदरांना विष घालतो, तेव्हा झिंगलेला उंदीर याच घुबडाच्या चोचीत जातो आणि विष त्याच्याही पोटात उतरतं.

छपरात रात्री धावतंय ते मसण्याउद, म्हणजे उदमांजर. मढी उकरतं अशा समजातून त्याला हे नाव पडलं म्हणतात, पण ते खातं फळं आणि उंदीर. आजीच्या मुलानं पिंजरा आणायचं ठरवलं होतं. आणला नाही, बरं झालं. धामण, नाग, घोरपड, मसण्याउद यांना मारणं किंवा पकडून ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय वर पिल्लं असतील आणि आई पिंजऱ्यात गेली, तर पिल्लं उपाशी मरतात.

मग काय केलं? आधी पऱ्हाटीचा ढीग भिंतीपासून लांब, दगडांच्या थरावर रचला. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. दादर पत्र्याच्या कोठीत गेली. आणि छपराच्या भोकाशी चुलीतली राख चाळून पसरली.

पहिल्या सकाळी राखेत पाच-पाच बोटांची पावलं होती, जाणारी आणि येणारी. कान देऊन ऐकलं तर वर बारीक आवाज येत होते. पिल्लं होती. म्हणून भोकावर ठोकायची जाळी बाजूला ठेवली. घरचे रोज राख बदलत राहिले. काही आठवड्यांनी मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं उमटली, तीही बाहेर जाणारी. मग सलग तीन सकाळी राख जशीच्या तशी राहिली, वरून आवाजही नाही. चौथ्या दिवशी दुपारी मुलगा शिडी लावून वर चढला, बॅटरीच्या उजेडात कोपरा न् कोपरा पाहिला आणि भोकावर जाळी ठोकली. आजी खालून खिळे देत होती.