नावेत काय आहे?

(मंडळाच्या सत्यनारायण पूजेनंतर केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. पूजा छान झाली, आरतीला लहान मुलांनी टाळ धरला ते बघून फार बरं वाटलं. समितीने मला सांगितलंय की प्रसादाच्या आधी कथेवर चार शब्द बोला, तर मी बोलते. उभं राहून कंटाळा येत असेल त्यांनी मागच्या खुर्च्यांवर बसा.

सत्यनारायण आपण लग्न झालं की घालतो, नवं घर घेतलं की घालतो, दुकान उघडलं की घालतो, आणि इथे मेलबर्नला येऊनही गणपतीच्या दिवसांत मंडळाचा सत्यनारायण चुकत नाही. पण खरं सांगा, कथा ऐकतं कोण? गुरुजी वाचत असतात, "इति श्री स्कंदपुराणे रेवाखंडे" आलं की आपण हात जोडतो, एक अध्याय संपला म्हणतो, आणि परत गप्पा. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या पाच अध्यायांत एक प्रसंग असा आहे की तो नीट ऐकला तर माणूस रात्री जागा राहील.

साधुवाण्याची गोष्ट वरवर सगळ्यांना माहिती आहे. श्रीमंत व्यापारी, मूलबाळ नाही. भद्रशीला नदीच्या काठी उल्कामुख राजा पूजा करत असतो, हा नावेने तिथे येतो, विचारतो हे काय चाललंय, आणि म्हणतो की मला संतती झाली की मीही हे व्रत करीन. हे कोणी त्याच्यावर लादलेलं नाही हं. देवाने मागितलं नाही, राजाने सांगितलं नाही, तो आपणहून बोलला. मग मुलगी झाली, कलावती. बायको लीलावती आठवण करते, अहो तुम्ही बोलला होतात. तर म्हणतो हिच्या लग्नात करू. कांचन नगरातून चांगला जावई शोधून आणला, लग्न थाटात झालं, आणि व्रत राहूनच गेलं. नाही कधी म्हणालाच नाही तो, प्रत्येक वेळी पुढची तारीख दिली. आपण सगळे हे करतो म्हणून मी त्याला फार नावं ठेवत नाही, पण कथा मात्र त्याला सोडत नाही.

पुढे सासरा-जावई व्यापाराला समुद्राजवळच्या रत्नसारपुरात गेले, तिथे चंद्रकेतू राजाचं राज्य. चोरांनी राजाचं धन चोरलं, मागे शिपाई लागले तसं ते या दोघांच्या बिऱ्हाडाजवळ टाकून पळाले, आणि शिपायांनी यांनाच धरलं. राजाने चौकशीसुद्धा केली नाही, टाकलं तुरुंगात. इकडे घरी चोरी झाली, लीलावती आणि कलावती दारोदार भीक मागायला लागल्या.

आता इथे एक बारीकशी जागा आहे, गुरुजी ती पटकन वाचून पुढे जातात. कलावती भुकेली फिरत फिरत एका ब्राह्मणाच्या घरी जाते, तिथे सत्यनारायण चाललेला असतो, ती बसून कथा ऐकते, प्रसाद खाते आणि रात्री उशिरा घरी येते. आई विचारते, पोरी इतकी रात्र होईपर्यंत कुठे होतीस, तुझ्या मनात काय आहे? त्या प्रश्नात संशय आहे, आईची काळजी आहे, सगळंच आहे. तरुण मुलगी, रात्रीची वेळ, घाबरून काहीही सांगता आलं असतं. ती सरळ सांगते की मी अमक्याच्या घरी व्रत बघत बसले होते. बस एवढंच. आणि त्या एका खऱ्या उत्तरावरून लीलावतीला राहिलेलं व्रत आठवतं, ती ते करते, तिकडे राजाला स्वप्नात आज्ञा होते की या दोघांना सोड. सोडतो, आणि घेतलेलं धन दुप्पट करून परत देतो.

म्हणजे बघा, वाण्याची सुटका झाली ती त्याच्या हुशारीने नाही, एका उपाशी मुलीने आईला खरं सांगितलं तिथून सगळं फिरलं. त्याला त्यातलं काहीच माहिती नाही. तो भरलेली नाव घेऊन खुशीत घरी निघालाय.

आणि वाटेत किनाऱ्यावर संन्यासाच्या वेषात देव येतो आणि विचारतो, बाबा रे, तुझ्या नावेत काय आहे?

किती साधा प्रश्न आहे. त्या संन्याशाने मागितलं काहीच नाहीये. पण हा हसतो, वर म्हणतो का रे विचारतोस, पैसे उचलायचा विचार आहे का, माझ्या नावेत वेली आणि पानं आहेत. संन्यासी रागावत नाही, वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, सत्यं भवतु ते वचः. तुझं बोलणं खरं होवो. आणि निघून जातो, थोड्या अंतरावर जाऊन बसतो.

मला या वाक्याची भीती वाटते, खरंच वाटते. आपण समजतो देव शिक्षा करतो म्हणजे वीज पाडतो, रोग देतो. इथे देवाने बाहेरून काहीच आणलं नाही. वाण्याच्याच तोंडचं वाक्य घेतलं आणि ते त्याला परत दिलं.

पुढचं तर अजून बघण्यासारखं आहे. वाणी आपलं स्नान-संध्या उरकून येतो आणि त्याला दिसतं की नाव पाण्यावर वर आलीय. धनाने भरलेली नाव खोल बसलेली असते ना, ती हलकी होऊन वर उचललेली दिसते. आत डोकावायच्या आधीच त्याला कळलं असणार. मग आत बघतो तर खरंच वेली आणि पानं, आणि तो मूर्च्छा येऊन पडतो. जावई मात्र डोकं शांत ठेवतो, म्हणतो रडून काय होणार, हे त्या संन्याशाच्या बोलण्याने झालंय, त्याच्याकडेच जाऊ. वाणी जातो, पाया पडतो, खोटं बोललो म्हणून क्षमा मागतो. देव त्याला म्हणतो रडू नकोस, पण माझी पूजा टाळलीस, म्हणून माझ्याच आज्ञेने तुला पुन्हा पुन्हा दुःख झालं. आणि मग नाव परत धनाने भरते.

आपल्याला इथे हा प्रसंग समजायला फार लांब जावं लागत नाही. विमानतळावर उतरलं की आपल्यालाही हाच प्रश्न विचारतात, बॅगेत काय आहे. तुम्ही कार्डावर डिक्लेअर केलं, बाबा माझ्याकडे खाण्याचं आहे, तर ऑफिसर उघडून बघतो, चालण्यासारखं असेल तर देतो, नसेल तर काढून घेतो, विषय संपला, दंड नाही. आणि 'नो'वर टिक केली आणि आईने बांधून दिलेला कढीपत्ता सापडला तर दंड, आणि टुरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर व्हिसाच रद्द व्हायची वेळ येऊ शकते. ज्या वस्तूसाठी खोटं बोललो ती मूठभर पानं असतात. मुलांना कथा समजावताना मी हेच सांगते आणि त्यांना लगेच कळतं.

पण मोठ्यांसाठी मला दुसरं सांगायचंय आणि ते जरा स्पष्ट सांगते, रागावू नका. आपल्या मुलांमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्या तरुण मुलामुलींमध्ये, रेझ्युमेवर नसलेला एक्सपिरियन्स टाकायची पद्धत पडलीय, आणि टाकायला सांगणारे आपलेच लोक असतात, "सगळेच टाकतात गं" म्हणून. माझ्या ओळखीतल्या एकाने असंच केलं, चार वर्षं म्हणून लिहिलं, नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे चार वर्षं अनुभव असलेल्या माणसाचं काम आलं. कुणाला विचारायची सोय नाही, कारण विचारलं की उघडं पडणार. रात्र रात्र जागून व्हिडिओ बघून शिकायचा, सकाळी जाऊन येतंय असं दाखवायचा, जेवण तुटलं, झोप तुटली, ऑफिसात हसून बोलणं बंद झालं. त्याला कोणी पकडलं नाही, काढलं नाही. पण त्याचं बोलणं खरं झालं होतं ना, आता त्याला ते रोज जगावं लागत होतं. शेवटी त्याने आपणहून मॅनेजरला जाऊन सांगितलं आणि ती नोकरी गेली. खालच्या जागेवर दुसरीकडे लागला, आता बरा आहे, जेवतो, झोपतो.

दुसरं म्हणजे रविवारचे व्हिडिओ कॉल. नोकरी गेलेली असते, घरात भांडण असतं, तब्येत बरी नसते, आणि स्क्रीनवर आई दिसली की आपण म्हणतो, मजेत आहोत. प्रेमापोटीच म्हणतो, मला कळतं. पण तिकडे आई-बाबाही गुडघ्याचं, बीपीचं लपवून मजेतच असतात, आणि मग दोन्हीकडे वेली-पानं भरलेल्या दोन नावा आणि मधे एवढा समुद्र. हक्काने मदत करणारी माणसं असून कोणी कोणाच्या उपयोगी पडत नाही. सगळं सांगा असं मी म्हणत नाही, वयस्कर माणसाला काय पेलेल ते बघून सांगावं. पण कलावतीने भीक मागायच्या दिवसांत आईला खरं सांगितलं आणि तिथून घर सावरलं, हे लक्षात ठेवून फोन लावा.

मागच्या वर्षी एका मुलीने मला विचारलं होतं की मग त्या कलावतीलाच देवाने का छळलं, नवरा आला म्हणून धावली, प्रसाद घ्यायचा राहिला, तर लगेच नाव नवऱ्यासकट गायब? प्रश्न बरोबर आहे. मलाही तो भाग जड जातो आणि मी तो ओढूनताणून गोड करून सांगणार नाही. एवढंच दिसतं की तिला परत जाऊन प्रसाद घे म्हटल्यावर ती गेली, घेतला, आणि नवरा समोर उभा. देवाने तिच्याकडून वर काही मागितलं नाही. या अख्ख्या कथेत देवाची मागणी किती लहान आहे ते बघा ना. रवा, दूध, तूप, साखर, केळं, सव्वाच्या मापात, गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालेल आणि साखर नसेल तर गूळ चालेल असं पोथीतच दिलंय. मोळीविक्यालाही परवडेल असं. ते दिलेल्या शब्दाप्रमाणे करायचं आणि सगळ्यांना वाटायचं.

आणि कोणाच्याही हातून घ्यायचं. तुंगध्वज राजाने तेच केलं नाही. वडाखाली गवळी पूजा करत होते, त्यांनी प्रसाद आणून समोर ठेवला, राजाने नमस्कार केला नाही, खाल्ला नाही, उठून गेला. घरी गेला तर शंभर मुलं, धनधान्य काही उरलं नव्हतं. तो मग परत आला आणि गवळ्यांच्या पंक्तीत बसून त्याने पूजा केली. आपल्यात अजूनही कोण कुठल्या गावचा, कुठल्या घरचा हे हळूच विचारणारे आहेत, त्यांनी हा पाचवा अध्याय जरूर वाचावा.

आता शेवटचं, आणि हे समितीसाठी. गेल्या पाडव्याला याच स्टेजवरून आपण सगळ्यांसमोर बोललो होतो की रविवारच्या मराठी शाळेला पुस्तकांचं कपाट देऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी तिथल्या तिथे पैसेही दिले. मग परीक्षा होऊ दे म्हणालो, मग गणपती होऊ दे, आणि परवाच्या मीटिंगमध्ये दिवाळीनंतर बघू असं ठरल्याचं ऐकलं. पैसे खात्यात आहेत, खजिनदारांनी हिशेब चोख ठेवलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मुलं विचारतात. आज अध्यक्ष, खजिनदार, शाळेच्या ताई, सगळे इथेच आहेत. प्रसादाचे द्रोण भरले जातायत तोवर तारीख ठरवून फळ्यावर लिहा. सामान आणायला गाडी लागेल तर माझ्या मुलाची व्हॅन आहे, रविवारी मोकळी असते, मी त्याला विचारून आलेय.