डब्यात काय आणावं, कुठे जाऊन खावं

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरकराला ‘बाहेर जेवायला जाऊ या’ म्हटलं की तो आधी विचारतो, ‘बसून की उभ्यानं?’ आपलं निम्मं खाणं उभ्यानंच होतं. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. थंडीत गराडू नावाच्या कंदाचे तुकडे तळून निघतात, वर जिरावण म्हणजे आपला इंदुरी चटकदार मसाला, वर लिंबू, आणि द्रोण हातात. जीभ भाजत असतानाच तो संपवायचा. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचं पॅटिस, जोशींचा दहीवडा, सगळं करणाऱ्याच्या हातून थेट खाणाऱ्याच्या हातात. मधे ना डबा, ना पिशवी, ना स्कूटरवरचा पोरगा.

अशा शहरात आता डब्याचे दिवस आलेत. डबा म्हणजे नोकरदारांचा रोजचा पोळीभाजीचा डबा नव्हे, तो तर पूर्वीपासून आहे. मी म्हणतेय तो शनिवार-रविवारचा, हौसेचा डबा. लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, कुठल्याही कॉलनीच्या ग्रुपवर पाहा. गुरुवारी मेनू पडतो, शुक्रवारी रात्रीपर्यंत ऑर्डर द्यायची, पैसे आधी, आणि शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळेला घरी येऊन घेऊन जायचं. एका घरी वालाचं बिरडं आणि मसालेभात, दुसऱ्या घरी तांबडा-पांढरा, तिसरीकडे कुणाची तरी सून हॉटेल मॅनेजमेंट करून आलेली, ती लझान्या आणि थाई करी करते. आणि त्याच वेळी विजयनगरात, बायपासवर, सुपर कॉरिडॉरकडे नव्या रेस्टॉरंटांच्या पाट्या लागतच आहेत.

मी दोन्हीकडे खाते, आवडीनं खाते, आणि ओळखीचे लोक मला विचारतात, ‘कुठलं चांगलं?’ मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. चांगलं कोण करतं याच्या आधी एक गोष्ट बघावी लागते: हा पदार्थ थांबू शकतो का? काही पदार्थ थांबले की मुरतात, काही थांबले की मरतात. पहिले डब्यात आणावेत, दुसऱ्यांसाठी चपला घालून बाहेर पडावं. आपण नेमकं उलटं करतो. डोसा घरी मागवतो आणि रेस्टॉरंटात जाऊन आमटी-भात खातो.

बिरड्याचंच घ्या. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांच्या चिमटीत दाबून सोलायचा. दाणा पुढे सटकतो, साल बोटात राहते. दोन दिवसांचं काम, आणि एवढं करून शिजवताना लक्ष गेलं तर वाल गाळ होतात. हे आज कोण करतं? जी करते तिच्याकडून विकत घ्यावं आणि ती मागेल तेवढे पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. शिवाय बिरडं तासभर डब्यात राहिलं तर नारळाचा रस आणि वाल एकजीव होतात, चव वाढतेच. भरली वांगी, कटाची आमटी, अळूचं फदफदं, मटणाचा रस्सा, हे सगळे असेच. पुरणपोळी तर दुसऱ्या दिवशीच खरी लागते, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर आमच्या घरात भांडणं झाली आहेत.

लझान्याही याच जातीचा. भट्टीतून काढल्याबरोबर कापला तर तो ताटात पसरतो. थोडा निवला, थर बसले की सुरेख तुकडे पडतात. घरगुती करणाऱ्यांना तो फळतो तो उगाच नाही. पांढऱ्या सॉसमधल्या पास्त्याचं मात्र उलट आहे. पास्ता वाटेत सॉस पिऊन घेतो आणि घरी पोचतो तो एक लगदा. आणलाच असेल तर कढईत चमचा-दोन चमचे दूध घालून मंद आचेवर सैल करा, मायक्रोवेव्हमध्ये तसाच ढकलू नका. आंबवलेल्या पिठाचा पाव कुणी प्लॅस्टिकमध्ये बांधून देत असेल तर कागदी पिशवी मागा. पावाचं सारं सुख त्याच्या कडक पाठीत, आणि प्लॅस्टिकमध्ये ती आतल्या वाफेनं तासाभरात मऊ पडते.

वाफ ही डब्याची खरी वैरीण. कुरकुरीत पदार्थ झाकला की त्याच्या पोटातली वाफ बाहेर येते, झाकणाला लागते, पाणी होऊन परत त्याच्यावर पडते. म्हणून साबुदाणा वडा, कांदा भजी, गराडू यांचं पार्सल नेणाऱ्याची मला दया येते. एका काकूंकडे मी डबा आणायला जरा लवकर पोचले होते, तेव्हा त्यांची भरायची रीत बघितली. मसालेभात परातीत पसरून पंख्याखाली, जोराची वाफ जाईपर्यंत. पोळ्या टोपलीत, उभ्या-आडव्या रचून, घाम सुटू नये म्हणून. काकडीच्या कोशिंबिरीत मीठच नाही. मीठ आणि दही वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी: ‘जेवायला बसताना कालवा.’ मीठ आधी घातलं की काकडी पाणी सोडते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, ‘काकू, एवढं कशाला?’ तर म्हणाल्या, ‘माझा पदार्थ तुझ्या घरी जाऊन कसा वागतो, ते मला बघायला नको?’

मी त्या दिवसापासून जेवणाइतकंच भरण्याकडे लक्ष देते. उसळ-पोह्यांत उसळ वेगळी, शेव वेगळ्या पुडीत आहे का? दाल-बाफल्यांत डाळ वेगळी आहे का? बाफला मुळात प्रवासाला चांगला. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवतात, मग शेकतात, मग तुपात बुडवतात. त्यामुळे तो आतून बाटीपेक्षा मऊ असतो आणि तुपाच्या थरामुळे वाळत नाही. पण एकदा का डाळ वरून ओतून पाठवली की तासाभरात चमच्यानं खणावं लागतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. हौस आपल्या जागी, पण शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. गरम ते गरम राहावं, गार ते गार. भाताकडे विशेष लक्ष द्या. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. तेव्हा दुपारी आणलेला मसालेभात ओट्यावर ठेवून रात्री खाऊ नका. दोन तासांच्या आत खा, नाहीतर फ्रिजमध्ये टाका. इंदूरच्या मे महिन्यात तर त्याआधीच. आणि विकणारं घर कितीही ओळखीचं असलं तरी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आहे का ते विचारावं. कायदा २००६चा, आणि नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो. ज्यांनी नोंदणी केली आहे त्या ताया तो क्रमांक कौतुकानं दाखवतात, रागावत नाहीत.

डबा शक्यतो आपला स्टीलचा घेऊन जा. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत द्यावा लागतो, आणि रस्सा लागलेली दहा-बारा प्लॅस्टिकची डबडी रविवारी सकाळी घासताना हौसेचा डबा किती महाग पडला ते कळतं.

आता रेस्टॉरंटांकडे. नवं उघडलं की पहिल्याच रविवारी तिथे रांग लावायची आपल्याला फार खोड. माझं म्हणणं, महिनाभर थांबा आणि मग मंगळवारी-बुधवारी जा. पहिल्या दिवसांत आचाऱ्याला भट्टीचा अंदाज यायचा असतो, वाढणाऱ्या पोराला टेबलांचे नंबर पाठ व्हायचे असतात, आणि मालक दारात उभा राहून काकुळतीनं विचारत असतो, ‘भिया, कैसा लगा?’ तेव्हा खरं कोण सांगतं?

मेनूकार्ड हातात आलं की ते आधी जाड आहे की बारीक ते बघते. दोनशे पदार्थांचं कार्ड असेल, पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, मेक्सिकन सगळं एकाच ठिकाणी, तर समजून जा की आत दोन-तीन ग्रेव्ह्यांची पातेली सकाळीच तयार आहेत: टोमॅटोची लाल, काजूची पांढरी, कांद्याची तपकिरी. नावं पंचवीस, भाजी तीच. यात फसवणूक नाही, धंद्याची सोय आहे. पण त्यासाठी विजयनगरपर्यंत गाडी काढायची गरज नाही. छोटं कार्ड ठेवणाऱ्या माणसानं निदान काही तरी ठरवलेलं असतं. तिथे मी तव्याचे, भट्टीचे, तळणीचे पदार्थ मागवते, म्हणजे जे घरापर्यंत टिकणारच नाहीत ते. तंदुरी रोटी टेबलावर आली की फुगलेली आहे की चामडं झालंय, एवढ्यावर आतल्या माणसाचं बरंच कळतं.

‘महाराष्ट्रीयन थाळी’ अशी पाटी दिसली की माझा ऊर भरून येतो आणि पाठोपाठ धास्तीही वाटते. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इथे मराठी चुली पेटल्या आहेत. आमच्या फळीवर गोडा मसाला आणि जिरावण शेजारी-शेजारी बसतात. तेव्हा थाळी म्हणजे काय ते आपल्याला बाहेरून कुणी सांगायला नको. मध्यंतरी एका नव्या जागी वरणात साखर होती, आमटीत काश्मिरी मिरचीचा लाल रंग होता, आणि श्रीखंडाच्या वाटीत मॅंगो इसेन्स घमघमत होता. वाढणारा पोरगा बिचारा आग्रहानं वाढत होता, म्हणून गप्प जेवले. निघताना मालकाला बाजूला घेऊन सांगितलं. मोबाइलवर एक तारा देऊन मोकळं होण्यापेक्षा मला हेच पटतं. घरगुती करणाऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच. तिथे एका काकूंच्या नावावर सारी बदनामी जाते आणि पुढच्या गुरुवारी मेनू पडत नाही.

बिल आलं की मात्र संकोच करू नका. खाली ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असेल तर ती द्यायलाच हवी असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ला तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. तो आकार बिलात आपोआप लावता येत नाही. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी मात्र वेगळी गोष्ट, तो द्यावाच लागतो. आणि वाढणाऱ्या पोरानं मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात काही ठेवायला कुणी अडवलेलं नाही.

जाता जाता मोदकांचं सांगते, कारण गणपती जवळ आले की पहिली फोनाफोनी त्यांचीच. उकडीचा मोदक अडनिडा आहे. तो घरगुतीच हवा, रेस्टॉरंटात मिळाला तरी पाऱ्या जाड असतात. आणि वाफवलेला आणला तर वाटेत पारी कोरडी पडून कळीपाशी चिरते. त्यावर उपाय आहे. करणाऱ्या काकूंना सांगा, न वाफवलेले द्या, ओल्या पंचात गुंडाळून. घरी आणल्यावर एकेक मोदक गार पाण्यात बुडवून लगेच काढा, चाळणीत केळीच्या पानावर ठेवा, दहा-बारा मिनिटं वाफ द्या, आणि झाकण काढल्याबरोबर घाई न करता दोन मिनिटं तसेच राहू द्या, म्हणजे पानाला चिकटत नाहीत. तूप पातळ करून ठेवा. ऑर्डर मात्र आठवडाभर आधी नोंदवा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी फोन केलात तर काकू उचलायच्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. नमस्कार.